भिंतीपलीकडची गाणी

आमच्या आणि वहिनींच्या घरांमधली भिंत बरोबर कोपर टेकवण्याइतकी उंच आहे. बांधणाऱ्या गवंड्याला प्रभात रोडच्या गल्ल्यांची पुरती ओळख असणार. तिकडे त्यांची जास्वंद, इकडे आमचा कढीलिंब, आणि सकाळी साडेदहाला कुकर चढवून झाला की मध्ये आम्ही दोघी.

परवाचा विषय सव्वीस जानेवारीचा. गल्लीतलं झेंडावंदन आमच्या फाटकासमोर होतं आणि मुलांकडून गाणी बसवून घेणं वहिनींकडे, कारण त्या पेटी शिकवतात.

"तीन-तीन गाणी आहेत हो यंदा," वहिनी म्हणाल्या. "राष्ट्रगीत, वंदे मातरम् आणि राज्यगीत. मुलं विचारतात, काकू, जिलबी नक्की कितव्या गाण्यानंतर?"

"राज्यगीताला तरी नावं ठेवू नका. राजा बढे तुमच्या नागपूरचेच."

"नावं कुठे ठेवतेय! १९ फेब्रुवारी २०२३ ला ते राज्यगीत झालं तेव्हा माझ्या भावाने फोन करून सांगितलं, बघ, शब्द नागपूरचे. चाल खळ्यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. आता सांगा, पुण्याचं त्यात काय?"

पस्तीस वर्षं पुण्याचं पाणी पिऊनही माणसाचं माहेर सुटत नाही. मी मुकाट कढीलिंबाची पानं खुडू लागले. पण वहिनी थांबणाऱ्यातल्या नव्हेत.

"तुम्ही नातवाबरोबर गहुंज्याला गेला होतात ना वर्ल्ड कपला? तिथे राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले का?"

१९ ऑक्टोबर २०२३, भारत-बांगलादेश. गहुंजे पुण्यात आहे हे तिकिटावर वाचून खरं मानायचं. आम्ही दोन तास आधी निघून कसेबसे पोहोचलो. कोहलीचं शतक नातवाच्या लक्षात राहिलं, माझ्या लक्षात राहिली ती सुरुवातीची पाच मिनिटं. दोन देशांची दोन गाणी वाजली आणि दोन्हींचा कवी एकच. मैदानात अकरा विरुद्ध अकरा, आणि रवींद्रनाथ दोन्हीकडून.

"त्यांचं गाणं आपल्याहून थोरलं आहे," मी म्हटलं. "आपलं १९११ सालच्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. त्यांचं १९०५ चं, वंगभंगाच्या वेळचं. चालसुद्धा गगन हरकरा नावाच्या बाउलाच्या गाण्यावरून घेतलेली. हरकरा म्हणजे टपाल पोचवणारा."

"म्हणजे पोस्टमनची चाल राष्ट्रगीताला! आणि बंगाल एक राहावा म्हणून लिहिलेलं गाणं शेवटी अर्ध्या बंगालच्या वाट्याला गेलं." वहिनींनी कोपर बदललं. "श्रीलंकेचंही टागोरांनीच लिहिलंय, नाही का?"

हे मी चार ठिकाणी ऐकलंय. बंगाल्यांना कुणी सांगायला जाऊ नये, पण तसं ते नाही. ते आनंद समरकून यांचं, शब्दही त्यांचे आणि चालही त्यांची. ते शांतिनिकेतनात काही काळ शिकून आले होते, तेवढाच टागोरांचा हात. पण त्या गाण्याची पुढची कहाणी अशी आहे की ती सांगताना मी पानं बाजूला ठेवली.

१९५१ मध्ये ते राष्ट्रगीत झालं. पुढच्याच वर्षी पंतप्रधान सेनानायके घोड्यावरून पडून गेले. १९५९ मध्ये पंतप्रधान बंदरनायकेंचा खून झाला. मग जाणकार म्हणवणाऱ्यांनी शोध लावला की गाण्याचं पहिलं अक्षर 'न' आहे, ते अशुभ, सगळा दोष त्याचाच. १९६१ मध्ये सरकारने पहिली ओळ बदलली. कवी जिवंत होता, विरोध करत होता, पण त्याचं ऐकलं नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये समरकून यांनी आत्महत्या केली.

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरात काही वाईट झालं की सुनेचा पायगुण काढतात, तसंच हे."

त्यांच्या कुकरची पहिली शिट्टी झाली.

"मालदीवचं ऐका, जरा हलकं आहे," मी म्हटलं. "शब्द १९४८ चे. चालीसाठी कवीने काय करावं? काकांच्या घड्याळात दुपारी बाराला एक गत वाजायची, ती आवडली म्हणून तिच्यावर शब्द बसवले. ती निघाली स्कॉटलंडच्या जुन्या गाण्याची! पुढे १९७२ मध्ये इंग्लंडची राणी यायची ठरली. आता राणीच्या पुढ्यात तिच्याच घरचं गाणं राष्ट्रगीत म्हणून कसं वाजवायचं? घाईघाईने श्रीलंकेच्या अमरदेवांकडून नवीन चाल करून घेतली."

"पाहुणे येणार म्हणून पडदे बदलले."

"आणि अमरदेव शिकले कुठे? लखनौला, भातखंड्यांच्या कॉलेजात."

"म्हणजे ओढूनताणून मराठीच म्हणा की!"

ओढूनताणून तर ओढूनताणून. वाळकेश्वरच्या भातखंड्यांनी १९२६ मध्ये लखनौला ते कॉलेज उभं केलं नसतं, तर मालदीवच्या राणीसाहेबी स्वागताचं काय झालं असतं कोण जाणे.

पण वहिनींचं ते पडद्याचं वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. कारण बघायला गेलं तर या सगळ्या शेजाऱ्यांच्या राष्ट्रगीतांमागे कुठे ना कुठे दाराशी आलेला पाहुणा आहेच. पाकिस्तानचंच घ्या. जानेवारी १९५० मध्ये इंडोनेशियाचे सुकार्नो आले तेव्हा वाजवायला गीतच नव्हतं. मार्चमध्ये इराणचे शहा यायचे होते. मग अहमद गुलामअली छागला यांनी बांधलेली नुसती चाल वाजवली. बिनशब्दांची! शब्द मागाहून. स्पर्धेला ७२३ गाणी आली, त्यातून हफीज जालंधरींचं निवडलं आणि १९५४ मध्ये ते अधिकृत झालं. छागला बिचारे त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते.

"चाल आधी, शब्द नंतर, हे सिनेमावाल्यांचं काम," वहिनी म्हणाल्या. पेटीवाल्यांना सिनेमावाल्यांबद्दल जरा असतंच.

"आणि शब्द असे फारसी, की निव्वळ उर्दू म्हणावं असं त्यात एकच अक्षर सापडतं म्हणतात, 'का'."

"आपल्यात तरी वेगळं काय आहे? मी मुलांना राष्ट्रगीताचा अर्थ विचारला. प्रांतांची नावं आली तेवढीच कळली, आणि ओळीत आपण चौथे हे मात्र सगळ्यांना पाठ. बंगाली म्हणून शिकवलं तर मुलांना पटत नाही, संस्कृतच वाटतं."

हे खरं आहे. दोन्ही घरांनी दिवाणखान्यात ठेवण्यासाठी भारी भाषा काढली आणि स्वयंपाकघरातली आत ठेवली. एक फरक आहे मात्र. आपल्या गाण्यात सिंध अजून आहे. ते काढावं म्हणून कुणी सुप्रीम कोर्टात गेलं होतं, २००५ मध्ये कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. शेजाऱ्याकडे गेलेलं भांडं आपल्या यादीत तसंच लिहिलेलं आहे, आणि ते असावंच असं माझं मत.

त्याच वर्ल्ड कपात, तीस ऑक्टोबरला, गहुंज्यालाच श्रीलंका-अफगाणिस्तान झाली. अफगाणांचं जे गीत वाजलं, ते ज्या सरकारचं होतं ते काबूलमधून २०२१ मध्येच गेलेलं. घर गेलं, पाटी राहिली. पुणेकरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी शिट्टी.

"नेपाळचं मात्र मला आवडतं," वहिनी म्हणाल्या. "युट्यूबवर ऐकलं. लोकगीत वाटतं अगदी."

तेही नवंच. पूर्वीचं राजाच्या स्तुतीचं होतं. राजाची सत्ता गेल्यावर गाणं गेलं, १२७२ गाण्यांतून निवडून २००७ मध्ये नवं आलं. संगीत अंबर गुरुंग यांचं, जन्माने दार्जिलिंगचे. या सगळ्या उपखंडात कुणाचा गवई कुणाच्या घरी जेवतो याचा हिशेब लागत नाही. हिमालयापलीकडे चीन. त्यांचं राष्ट्रगीत तर सरळ १९३५ सालच्या सिनेमातलं. कवी त्यान हान सांस्कृतिक क्रांतीत तुरुंगात गेला, तेव्हा गाणं नुसतं वाद्यांवर वाजवत, शब्द गायचे नाहीत.

"सिनेमातलं?" वहिनी हसल्या. "मग आपल्या प्रभात फिल्म कंपनीने काय पाप केलं होतं?"

याचीच मी वाट बघत होते. पुण्याचं काय, असं त्यांनी मघाशी विचारलं होतं ना?

"प्रभातचे संगीतकार मास्तर कृष्णराव. आता जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथेच त्यांनी १९४१ च्या 'शेजारी'चं संगीत केलं. एक हिंदू म्हातारा, एक मुसलमान म्हातारा, धरणाच्या कामावरून फूट पडते आणि धरण फुटतं तेव्हा दोघे एकत्रच जातात. त्याच मास्तरांनी वंदे मातरम् राष्ट्रगीत व्हावं म्हणून वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं. झिंझोटीत चाल बांधली."

"ते मला माहीत आहे," वहिनी जरा ताठ झाल्या. "आमच्या गुरुजींनी तीच शिकवली आम्हाला."

"पण अडलं कुठे, माहीत आहे? पुन्हा पाहुण्यांवरच. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत भारताचं राष्ट्रगीत मागितलं. आपल्या मंडळींकडे जन गण मनची तबकडी होती. तिथल्या वाद्यवृंदाने तेच वाजवलं, सगळ्यांना आवडलं. २५ ऑगस्ट १९४८ ला नेहरूंनी सभागृहात हेच सांगितलं, की वंदे मातरम् थोर आहे पण बँडवर, परक्या वाद्यवृंदावर चढणार नाही. मास्तरांनी काय करावं? मुंबईला जाऊन बँडवाल्यांना गाठलं, कूच करता येईल अशी चाल करून वाजवून घेतली, दिल्लीला जाऊन सभासदांना ऐकवली. ख्यालगायक हो तो, भास्करबुवांचा शिष्य, आणि बँडमास्तरांच्या मागे फिरतोय!"

"आणि?"

"आणि २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रबाबूंनी निवेदन वाचलं. मतदान नाही, ठराव नाही. जन गण मन राष्ट्रगीत, वंदे मातरम् ला बरोबरीचा मान. झालं."

वहिनींनी जास्वंदीचं एक सुकलेलं फूल तोडलं. मग सावकाश म्हणाल्या, "तेव्हा सगळ्या प्रांतांना विचारलं होतं ना? जन गण मनला सगळ्या गव्हर्नरांनी होकार दिला, एक सोडून."

"कोण?"

"मध्य प्रांत. राजधानी नागपूर."

हे मात्र मला पानं खुडताना सुचणारं नव्हतं. मी हात जोडले.

तेवढ्यात पलीकडच्या घरातला आठवीतला मुलगा सायकल टेकवून उभा राहिला. सव्वीस जानेवारीला कीबोर्ड वाजवणारा तोच. वहिनींनी त्याला भिंतीवर बोटांनी ताल धरत झिंझोटीतलं धृपद गुणगुणून दाखवलं. रेडिओवरच्या देसातल्या चालीची कानाला इतकी सवय झालेली, की पहिल्यांदा गाणं ओळखूच येत नाही. मग अर्ध्यात कुठेतरी ते समोर येऊन उभं राहतं. मुलाने शेवटपर्यंत ऐकलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "छान आहे काकू. पण हे कीबोर्डवर बसेल का?"

वहिनी एक शब्द न बोलता आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दोन मिनिटांनी त्या पेटी घेऊन आल्या, तुळशीची कुंडी माझ्या बाजूला सरकवली, भिंतीवर पेटी ठेवली आणि त्याला म्हणाल्या, "सायकल स्टँडवर लाव आधी. काळी चार धर."