चिरंजीव आमदार कसे व्हावे : बहादरपूरकरांसाठी मार्गदर्शन

बहादरपूरच्या ज्या होतकरू तरुणाला बुऱ्हाणपूरमार्गे भोपाळ गाठायचं आहे आणि तिथून परत यायचं नाही, त्याच्यासाठी ही चार पथ्यं.

पहिलं पथ्य, जन्म नीट घ्यावा. बुऱ्हाणपूरच्या आमदार अर्चना चिटणीस यांचे वडील बृजमोहन मिश्र मध्य प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष होते. ज्यांची अशी सोय झाली नाही, त्यांनी लग्नांवर भर द्यावा. दुसऱ्यांच्या. लग्नात पंगतीला बसू नये. बसलात की पुढची तीन लग्नं बुडाली. अक्षता टाकाव्यात, नवरदेवाच्या आजोबांचे पाय धरावेत, आचाऱ्याला नावानं हाक मारावी आणि निघावं. दहाव्याला मात्र घड्याळाकडे बघू नये.

वादळात केळी आडवी झाली की तलाठ्याच्या आधी बांधावर पोचावं. बूट चिखलात रुतलेच पाहिजेत. मोडलेला घड दोन्ही हातांनी उचलावा. एका हातानं उचलला तर बाजारातून आणल्यासारखा दिसतो. मग, ‘पलीकडे महाराष्ट्रातल्या रावेरात केळीला विमा मिळतो, आपल्याला का नाही?’ असं दरडावून विचारावं. सरकार आपल्याच पक्षाचं असलं तरी आवाज उतरू देऊ नये. बहादरपूरच्या बंद सूतगिरणीच्या कामगारांची थकबाकी हा विषय मात्र जपून वापरावा. एकदा सुटला तर दुसरा कुठून आणायचा?

मतदारसंघात जीव अडकवू नये. चिटणीस २००३ मध्ये नेपानगरातून निवडून आल्या. पुनर्रचनेत ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली, तेव्हा २००८ ला बुऱ्हाणपूर. २०१३ लाही तेच. २०१८ ला त्या मंत्री असताना अपक्ष सुरेंद्रसिंह ठाकूर ऊर्फ शेराभैया यांनी त्यांना पाडलं. २०२३ ला त्या पुन्हा आल्या; तोवर शेराभैया काँग्रेसचे उमेदवार झाले होते. तेव्हा पराभव ही पाच वर्षांची बिनपगारी रजा समजावी आणि अपक्षाला हसू नये.

कुणी महाराष्ट्रातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव काढलं तर चहा मागवून विषय बदलावा. ११ वेळा आमदार, जन्मभर एकच शेतकरी कामगार पक्ष, आणि प्रवास एसटीनं! असा आदर्श कार्यकर्त्यांपुढे ठेवला तर ठेकेदारांनी जायचं कुठं? शिवाय त्यांनाही १९९५ मध्ये सांगोल्यानं अवघ्या १९२ मतांनी घरी बसवलंच होतं. एवढी मतं तर आपल्या एका गल्लीत रुसून बसलेली असतात. मतदार यादी आजच मागवून घ्या.