इमानी डिस्क

सेकंडहँड हार्ड डिस्क घेऊ नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकानेही नव्या डिस्कचे पैसे पुढे केले नाहीत, म्हणून मी लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर ते नाव घेऊन पत्ता विचारलात, तर लोक तुम्हाला पोस्टमन समजतात.

दुकान जिन्याखालचं. भाजीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये डिस्का उभ्या रचलेल्या. दुकानदाराने त्यांतली एक उपसली, शर्टाला पुसली आणि म्हणाला, "कॉर्पोरेट लॉट आहे साहेब. आयुष्यभर एसीत राहिलेला माल." एवढं भाग्य माझ्या वाट्यालाही कधी आलेलं नसल्यामुळे मी आदराने पैसे दिले. वर आठ दिवसांची टेस्टिंग वॉरंटी मिळाली.

घरी भाचा वाटच बघत होता. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. डिस्क एका केसमध्ये घालून त्याने ती माझ्या लॅपटॉपच्या यूएसबीला जोडली. तबकडी फिरल्याचा बारीक घूंऽऽ आवाज आला, विंडोजने 'टुंग' केलं आणि पुढे शांतता. सी ड्राइव्ह होता तिथे, शेजारी कुणीच नाही.

"मामा, हिला करंट पुरत नसेल. लॅपटॉपची डिस्क पाच व्होल्टवर चालते खरी, पण सुरू होताना ॲम्पिअरभर ओढते. जुनं यूएसबी पोर्ट अर्धा ॲम्पिअरच देतं." मग दोन तोंडांची केबल आली, दोन्ही तोंडं दोन पोर्टांत गेली. पुन्हा घूं, पुन्हा टुंग, पुन्हा शांतता.

डिस्क मॅनेजमेंट नावाच्या खिडकीत मात्र ती सापडली. नाव अज्ञात, स्थिती 'नॉट इनिशिअलाइज्ड', आकार ४६५ जीबी.

"अहो, पाचशेची घेतलीत ना?" मागून बायको. "पस्तीस त्या दुकानदाराने खाल्ले?"

कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे प्रत्येक पाचशेची डिस्क ४६५ च दिसते, हे मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुधाचा हिशेब कोण कोणत्या पटीत करतो, याची चौकशी करत आत गेली.

इनिशिअलाइज करायला गेलो की 'आय/ओ एरर'. तोवर बातमी मजल्यावर पसरली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका खोडरबर घेऊनच आले. त्यांच्या मते जगातल्या सर्व बिघाडांचं मूळ काँटॅक्टवरच्या काळपटपणात असतं. त्यांनी सॅटाच्या सोनेरी पट्ट्या, डेटाच्या सात आणि पॉवरच्या पंधरा, एकेक करून घासल्या. पट्ट्या लखलखल्या, एरर तसाच. वरच्या मजल्यावरच्या एकाने डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं. हा उपाय जुना आहे आणि भलताच लोकप्रिय आहे, पण गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि उरलीसुरली आशाही ओली होते. शिवाय आमच्या फ्रीझरमध्ये मटार आहेत आणि त्यांना तिथून हलवायचा अधिकार मला नाही.

खरं तर डिस्क चांगली मेली असती तर बरं झालं असतं. मेलेली डिस्क टक्-टक् करते, दुकानदाराला तो आवाज ऐकवला की काम संपतं. ही मात्र ठणठणीत होती आणि बोलत नव्हती. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली, तेव्हा पाच एमबीसाठी चोवीस इंची पन्नास तबकड्या लागत आणि वजन टनाच्या घरात जाई. तिला संगणकाने ओळखलं नसतं तरी गल्लीने ओळखलं असतं.

शेवटी भाच्याने केस बाजूला ठेवलं, लॅपटॉपचं पोट उघडून डिस्क थेट आत बसवली आणि बायॉसने तिला पहिल्या झटक्यात नावानिशी ओळखलं. पाठोपाठ पडद्यावर कुलपाचं चित्र आलं आणि एक रिकामी चौकट. हार्ड डिस्कचा पासवर्ड टाका.

म्हणजे जुन्या कंपनीने तिला कुलूप घातलं होतं. हे कुलूप विंडोजचं नव्हे, डिस्कचं स्वतःचं. पासवर्ड तिच्याच पोटात असतो, त्यामुळे लॅपटॉप बदलला तरी ते तसंच राहतं आणि फॉरमॅट करावं तर ती आत येऊच देत नाही. पाच वेळा चुकलात की ती तोंड मिटते. वीज बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय पुढचा अंदाजही ऐकत नाही. तरी घरातल्या प्रत्येकाने हात साफ करून घेतला. भाच्याने 'ॲडमिन१२३' टाकलं, बायकोने तिच्या ऑफिसचा पासवर्ड टाकून पाहिला (तो आता सगळ्यांना माहीत आहे), आईने गणपतीचं नाव घालायला सांगितलं.

मला त्या डिस्कबद्दल आदर वाटू लागला. नोकरी गेली, मालक गेला, क्रेटमध्ये यायची वेळ आली. तरी कंपनीचं गुपित सांगायला तयार नाही. अशा माणसाला निरोपसमारंभात निदान शाल-श्रीफळ तरी देतात.

दुकानदाराने हुज्जत घातली नाही. "पासवर्डवाली निघाली का? लॉटमध्ये येते एखादी." त्याने दुसरी काढली, शर्टाला पुसली.

ही मात्र जोडताक्षणी उघडली, नको इतकी उघडली. आधीच्या मालकाने काहीच पुसलं नव्हतं. वीजबिलं, कुणाचा तरी बायोडेटा, आणि 'लग्न', 'लग्न फायनल', 'लग्न फायनल खरं' असे तीन फोल्डर. भाचा म्हणाला, "मामा, नुसतं क्विक फॉरमॅट करू नकोस, त्याने फक्त यादी जाते, माल राहतो. बिचाऱ्यांचं सगळं नीट पुसून टाकू." आम्ही दोघे त्या कामाला लागणार, तोच आई चष्मा लावून खुर्ची ओढून बसली. सीमांतपूजन झालं, अक्षता पडल्या, मुलीकडची माणसं तिला साधी वाटली, नवऱ्याची आत्या आगाऊ वाटली.

"आई, परक्यांचं आहे ते. पुसायचंय."

"पूस की. मी कुठे नाही म्हणते? तेवढी पंगत बघू दे, जिलबी होती की श्रीखंड ते कळलं की पूस."