‘एकदा बघ तरी!’

सिनेमा आवडणारी माणसं तशी निरुपद्रवी असतात. आपल्याला आवडलेला सिनेमा भावंडांना दाखवायचाच, असा पण केलेली माणसं निराळी. ही जमात बहुतेक घरांत थोरल्या भावाच्या रूपाने वावरते. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, चष्मा, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला एक पेनड्राइव्ह. त्यात ‘सिंहासन’.

‘अशी ही बनवाबनवी’ नव्हे, हे आधी लक्षात घ्या. १९८८ साली आल्यापासून तो सिनेमा बघण्यासाठी महाराष्ट्रात कुणाची मनधरणी करावी लागल्याचं ऐकिवात नाही. टीव्हीवर लागलेला दिसला की माणसं हातातलं काम टाकून बसतात आणि संवाद नटांच्या आधी म्हणतात. दाखवणाऱ्या दादाला असले आयते सिनेमे चालत नाहीत. त्याला कृष्णधवल हवा, राजकारण हवं, आणि मुख्य म्हणजे समोरच्याने तो पाहिलेला नसावा.

आता असा समोरचा आणायचा कुठून? बायकोला लग्नाच्या पहिल्याच वर्षी दाखवून झालेला असतो. तेव्हा ती नवीन होती. मित्रांपैकी निम्म्यांनी पाहिलाय, उरलेले पाहिल्याचं सांगून सुटलेत. मुलं खोलीचं दार लावून घेतात. राहता राहिली धाकटी बहीण. ती भाऊबीजेला येते, ओवाळते, जेवते, आणि पुरणपोळीच्या गुंगीत सोफ्यावर आडवी होते. दादा इतका वेळ याच क्षणाची वाट बघत असतो.

‘‘काही विशेष करणार आहेस का आत्ता?’’ असं सहज विचारल्यासारखं विचारतो.

‘‘झोपणारेय.’’

‘‘झोप की. त्याआधी नुसती सुरुवात बघ. पहिलाच सीन. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो...’’

‘‘दादा, मागच्या दिवाळीलाही फोनच आला होता.’’

‘‘तेव्हा तू फोनवरच झोपलीस.’’

पंगतीत वाढणारा जसा ‘एवढीशीच’ म्हणत अख्खी पोळी पानात टाकतो, तसा दादा सिनेमा वाढतो. लांबी कधीच सांगत नाही. विचारलं तर ‘कळतच नाही गं कधी संपतो’ एवढंच उत्तर. मग जुनी खाती उघडतात: बारावीच्या क्लासला रोज स्कूटरवरून कोण सोडायचं, ट्रेकला जायची परवानगी बाबांकडून कुणी काढून दिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई वकीलपत्र घेते. ‘‘बघ गं, एवढा म्हणतोय तर. नाहीतरी मोबाइलच बघत बसणार.’’ आईने स्वतः तो सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. पण तिला कुणी विचारत नाही.

शेवटी बहीण अटी घालते. चहा दादाने करायचा. यात ओवाळणी वळती करायची नाही. आणि दीडपट वेगाने लावायचा.

पहिल्या दोन मान्य होतात. तिसरी ऐकून दादा खालीच बसतो. ‘‘दीडपट? लागूंना दीडपट?’’

तर सिनेमा साध्या वेगाने सुरू होतो, आणि थांबतो. कारण पडद्यावर अरुण सरनाईक आलेले असतात आणि हे कोण, हे बहिणीने विचारलेलं नसलं तरी दादाला सांगायचं असतं. मग कळतं, की अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी ही पटकथा उभी केली, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, साल १९७९. पुन्हा सुरू. पुन्हा थांबा. हे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, म्हणजे डॉ. लागू, यांच्यावर लक्ष ठेव. बहीण म्हणते, ठेवते, पण सुरू तर कर.

निळू फुले येतात तेव्हा मात्र तीच दचकते. निळूभाऊंना ती ओळखते ती वाड्यावर बोलावणाऱ्या मीममुळे. इथे ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत, खांद्याला पिशवी लावलेले, गरीब वाटणारे, सगळं बघणारे. ‘‘हे चांगले आहेत यात?’’ ती विचारते. दादाच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो, तो पाडव्याला नवी गाडी दारात आली तेव्हाही पडलेला नव्हता. तो रिमोट ठेवून पूर्ण तिच्याकडे वळतो आणि निळूभाऊंचं सेवादलापासूनचं चरित्र सांगू लागतो. मागे सिनेमा चालूच असतो. अशा रीतीने एक महत्त्वाचा प्रसंग दोघांचाही हुकतो, म्हणून मागे न्यावा लागतो.

पुढे एका छोट्या भूमिकेत कोवळा नाना पाटेकर दिसतो. ‘‘अय्या, नाना!’’ करत बहीण उठून बसते आणि स्क्रीनचा फोटो काढून तिच्या ग्रुपवर टाकते. दादा दुखावतो. तेंडुलकरांनी सत्तेचा एवढा सारीपाट मांडला आणि हिला आवडला तो नाना! सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि आशाबाईंचा आवाज एकत्र येतात, त्या वेळी तो काही बोलत नाही, नुसता तिच्याकडे बघतो. ती ग्रुपवर आलेल्या उत्तरांना उत्तरं देत असते.

थोरल्या ताया या बाबतीत जरा बऱ्या. ‘हम आपके हैं कौन’ घेऊन बसतात, धाकट्या भावाला चौदा गाणी ऐकवतात, रडायचा प्रसंग यायच्या आधीच रुमाल काढतात. पण समजावून सांगत नाहीत. परदेशात गेलेला भाऊ सर्वांत चिवट. तो व्हिडिओ कॉल लावून एक-दोन-तीन म्हणतो आणि दोघांनी एकदम प्ले दाबायचं असतं. मग त्याचा सिनेमा दोन सेकंद पुढे आणि हसणं दोन सेकंद आधी.

इकडे भाऊबीजेच्या दिवशी अंधार पडता पडता ‘सिंहासन’ संपतो. दादा दिवा लावत नाही. निकालाची वाट बघतो.

‘‘हे तर रोज बातम्यांत दिसतं,’’ बहीण म्हणते. ‘‘कोण फुटला, कोण रुसला, कोण कुणाच्या बंगल्यावर.’’

याहून मोठी पावती जब्बार पटेलांना काय मिळणार? दादा आनंदाने सांगतो, की १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि साधूंच्या दोन्ही कादंबऱ्या त्याच्याही आधीच्या. बहीण म्हणते, ‘‘हं. बरा आहे.’’

या ‘बरा आहे’साठी दादाने एवढा खटाटोप केलेला असतो. बाहेरचे लोक तोंडदेखलं ‘अप्रतिम’ म्हणतात, त्याची त्याला किंमत नाही. या बहिणीने लहानपणापासून त्याच्या कशालाच चांगलं म्हटलेलं नाही, त्याच्या कवितांना नाही, मिश्यांना तर नाहीच. तिच्या तोंडून आलेला ‘बरा’ त्याला दोन वर्षं पुरतो. भावंडांकडून भिडेखातर दाद मिळत नसते, म्हणून ती त्यांच्याकडूनच हवी असते. माझ्या मते हा दादाचा सगळ्यात समजूतदार गुण आहे. बाकीचे सहन करावेत.

धाकट्यांसाठी व्यवहाराची एकच सूचना. सिनेमा खरंच आवडला, तरी ‘बरा आहे’च्या पुढे जाऊ नका. पेनड्राइव्हवर दुसरी फाइल ‘सामना’ची आहे. १९७५चा. जब्बार पटेल, तेंडुलकर, लागू, निळूभाऊ, सगळे तेच.