आयोजकांचा निर्णय अंतिम राहील

कन्हान-पिपरीत टेनिस बॉलची स्पर्धा निघायची म्हणजे आधी पत्रक निघतं. वर पुढाऱ्यांचे हसरे फोटो, मधे बक्षिसांचे ठळक आकडे, खाली प्रवेश फी आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात 'आयोजकांचा निर्णय अंतिम राहील'. या पत्रकात कुणी 'अर्ध्या सामन्यात जो संघ पुढे असेल तो विजेता, उरलेला खेळ सवडीने खेळावा' असं कलम छापून दाखवावं. संध्याकाळच्या आत पब्लिक मंडपाचे बांबू उपटेल. रणजी करंडकाच्या बाद फेरीत मात्र हेच कलम बिनबोभाट चालतं. पाच दिवसांचा सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जातो, आणि अंतिम सामना असेल तर करंडकच घरी नेतो. स्पर्धेचं स्वरूप सुधारण्याची चर्चा दर दोन-चार वर्षांनी निघते. ती या कलमाला वळसा घालून थेट दुबळ्या संघांच्या दारात जाऊन बसते.

दुबळ्यांना दारातच अडवण्याचा हा रिवाज जुनाच आहे. पूर्वी पाच विभाग होते आणि १९७० पर्यंत प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जायचा. पुण्याच्या महाराष्ट्र संघाच्या पत्रिकेत पश्चिम विभाग, म्हणजे मुंबई. आपल्या विदर्भाच्या पत्रिकेत मध्य विभाग, म्हणजे अंतिम फेरीचं जणू आरक्षण काढून ठेवलेलं त्या काळचं राजस्थान. १९७०-७१ ला दुसऱ्या क्रमांकालाही दार उघडलं आणि त्याच मोसमात महाराष्ट्र अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभा राहिला. म्हणजे अडचण संघात कमी आणि दारात जास्त होती. पुढे २००२-०३ पासून विभाग गेले आणि एलिट-प्लेट आले. मराठीत सांगायचं तर मानाची पंगत आणि दुसरी पंगत. कन्हानपासून फार लांब नसलेल्या वलनीच्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ ला विदर्भाकडून उतरला, तेव्हा विदर्भ दुसऱ्याच पंगतीत होता. तिथून तीन वर्षांत तो भारताकडून कसोटी खेळला. पण तेव्हा दुसऱ्या पंगतीतून त्याच मोसमात वर सरकायला वाट होती. २०१०-११ ला राजस्थान प्लेटमधून आलं आणि विजेतं झालं. आता ती वाट बुजवली आहे. प्लेट जिंकलात तर शाबासकी घ्या, वरची पंगत पुढच्या वर्षी. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलवाल्यांनीही हाच स्वयंपाक केला. शंभरावर वर्षं चार प्रांतांची उतरंड सांभाळली, २००१ ला हरलेल्यांसाठी मागचं दार उघडलं, तर प्रांतात हरलेलं गॉलवे त्याच वर्षी देशाचं विजेतं झालं. तरी २०२२ ला त्यांनीही दुबळ्यांसाठी वेगळा चषक काढलाच.

यावर ठरलेला आक्षेप असा की लिंबूटिंबू संघ आले की खेळाचा तमाशा होतो. पुरावा म्हणून मार्च २०२२ चा ईडन गार्डन्सवरचा सामना दाखवतात. झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० धावा केल्या, नागालँड २८९ वर संपलं. ५९१ ची आघाडी हातात असताना झारखंडने फॉलोऑन दिला का? छे! पुन्हा पॅड बांधून आणखी ४१७ काढल्या, आघाडी १००८ वर नेली आणि सामना अनिर्णित राखून पुढे गेलं. तमाशा झाला खरा, पण ढोलकी कुणाच्या हातात होती? आघाडीवर काम भागत असताना गोलंदाजांना उन्हात कोण पळवेल? नियमाने जे करायला सांगितलं ते झारखंडने केलं आणि बदनाम झालं नागालँड. शिवाय पंगती वेगळ्या केल्याने धुलाई थांबते हेही खरं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याने अरुणाचलविरुद्ध २ बाद ७२७ केल्या, कश्यप बखले आणि स्नेहल कौठणकर दोघांचीही त्रिशतकं, विजय एक डाव ५५१ धावांनी. तो सामना प्लेटमधलाच होता.

म्हणून एक उलटी सूचना. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर साखळीत ज्याचे गुण कमी, तो पुढे जावा. जो बलवान त्याने जिंकून दाखवावं. मग जास्त गुणांचा संघ चारशे-पाचशेवरच डाव सोडून गोलंदाजी मागून घेईल. कुणी म्हणेल, दुबळा संघ पाच दिवस नुसता ठोकळा होऊन उभा राहील. राहू द्या! २०२४-२५ च्या मोसमात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. त्याच्यासमोर जो संघ पाच दिवस उभा राहील त्याला दुबळा म्हणायची हिंमत निदान नागपुरात तरी कुणी करू नये.

दुसरा आक्षेप घरचा आहे आणि तो जास्त बोचतो. हा नियम असता तर २०२५ चा करंडक विदर्भाच्या हातून गेला असता. विदर्भाचे साखळीत ४० गुण, केरळचे २८, आणि अंतिम सामना अनिर्णित. आपण जिंकलो ते ३७९ विरुद्ध ३४२, म्हणजे ३७ धावांच्या आघाडीवर. (केरळने तक्रार करू नये. ते स्वतः उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांच्या आघाडीने आले, तीही क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेल्या झेलाच्या कृपेने.) पण आठवा २ मार्चची सकाळ. नागपूरजवळ जामठ्याला पाचवा दिवस, विदर्भ ४ बाद २४९, एकूण आघाडी २८६, करुण नायर १३२ वर नाबाद. जिंकणं भाग असतं तर कर्णधार अक्षय वाडकरने तासाभरात डाव घोषित केला असता, केरळसमोर साडेतीनशेच्या आसपासचं लक्ष्य असतं आणि हर्ष दुबेच्या हातात जवळपास अख्खा दिवस. त्याऐवजी विदर्भ ९ बाद ३७५ पर्यंत खेळत राहिला, कर्णधारांनी हात मिळवले आणि ढोल वाजले.