पावसात तुम्ही कुठं असता?

पापलेट घेताना आमची ही आधी कल्ला उचलून आतला रंग बघते, मग डोक्याजवळ अंगठ्याने दाबते. पांढरं पाणी आलं तर भावाची बोलणी, लालसर आलं तर पुढची टोपली. रेवदंड्याच्या बाजारातल्या कोळणी तिला ओळखून आहेत. ही येताना दिसली की त्या वरचा थर आपणहून बाजूला करतात. आंब्याच्या पेटीतसुद्धा हिचा हात पहिल्यांदा तळाशी जातो. लेकीचं स्थळ आलं तेव्हा तर हिने चार महिने चौकशी केली होती, आणि त्यात मुलाच्या शेजाऱ्यांचीही उलटतपासणी झाली होती. अशी बाई कुत्रा आणायचं ठरल्यावर मोबाइलमधला एकच फोटो बघून म्हणाली, "हाच. काय गोड आहे!"

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, आम्ही काशीदला गेलो. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चार पोफळी आणि दोन नारळ. रस्ता ओलांडून पाच मिनिटं चाललं की सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. दिवाळीनंतर जायचं, मे महिन्याअखेर ठाण्याला परतायचं, असा आमचा शिरस्ता. पर्यटक गेले की संध्याकाळी इतकं सामसूम होतं की आम्ही एकमेकांशीच बोलायला लागलो होतो. छत्तीस वर्षांच्या संसारात हे धोक्याचं लक्षण आहे, हे दोघांनाही कळलं. म्हणून कुत्रा.

फोटोतल्या पिल्लाचा मालक फोनवर फार गोड बोलला. पिल्लू लॅब्रॅडॉरचं, "इम्पोर्ट लाइन"चं. केनेल क्लबचे कागद हवे असतील तर आठ हजार जास्त, नको असतील तर पिल्लू तेच. म्हणजे कुळ हवं असेल तर पैसे मोजा, नाहीतर बिनकुळाचं न्या. अलिबागपर्यंत यायलाही तो तयार होता, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर पिल्लू हातात देणार होता. मी विचारलं, "घरी येऊन बघितलं तर चालेल? आईसकट बघायचं होतं." पलीकडे थोडी शांतता पसरली. मग तो म्हणाला, "आई सध्या गावी गेलीय."

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. रजेच्या अर्जांत माणसांच्या आया गावी गेलेल्या, आजारी पडलेल्या, एकेकाच्या तर दोनदा वारलेल्या वाचल्या. कुत्र्याची आई गावी गेलेली मात्र पहिल्यांदाच ऐकली.

पिल्लाचं वय विचारलं तर पस्तीस दिवस. "लहान घेतलं की लळा लागतो, काका." लळा कुणाला लागतो आणि तुटतो कुणाचा, हे त्याने सांगितलं नाही. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले आहेत. जुनी खोड म्हणून मी ते बसून वाचले. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षातून एकाहून जास्त वेत नाही, आणि जन्मभरात पाचाच्या वर नाहीत. नियम वाचताना वाटलं, हे लिहिणाऱ्याने एखादी तरी अशी मादी पाहिली असणार, जिची पाचाच्या पुढे कुणी गणतीच ठेवली नव्हती. गावी गेलेली ती आई बहुधा अशाच गावी असावी.

आठ आठवड्यांमागे कारण आहे. पिल्लू आईला जोरात चावलं की आई त्याला तिथल्या तिथे गुरकावते, भावंडं केकाटून खेळ थांबवतात; दात किती लावायचा हे त्याला तिथेच समजतं. ती शाळा बुडवून आलेलं पिल्लू मग तुमच्या सोफ्यावर आणि पाहुण्यांच्या पोटरीवर अभ्यास करतं. शिवाय आईचं दूध तुटलेलं, लशीचा पत्ता नाही, गाडीच्या डिकीतला प्रवास. अशी पिल्लं घरी आल्यावर चार-आठ दिवसांत हगवणीने जातात. त्या रोगाचं नाव पार्व्हो. पेट्रोल पंपावरचा माणूस तोपर्यंत फोन उचलायचा थांबलेला असतो.

फोन ठेवल्यावर मी हिला म्हटलं, "तू याचा कल्ला उचलून बघितला नाहीस." त्यावर दोन दिवस अबोला. कुत्रा न येताच घरात गुरगुर सुरू झाली.

मग सल्ले सुरू झाले. भाचा म्हणाला, हस्की घ्या. त्याच्याकडे आहे, ठाण्यात एसीखाली झोपतो, आणि विजेचं बिल बघून भाचा फरशीवर झोपतो. काशीदच्या एप्रिलात माणसाला घाम येऊनही वाळत नाही. कुत्र्याला तर बिचाऱ्याला धापा टाकण्यावाचून दुसरा उपाय नाही, आणि दमट हवेत तोही अर्धाच चालतो. सुनेला पग हवा होता. २००३ सालच्या हच कंपनीच्या त्या जाहिरातीत मुलामागून चालणारा पग आठवत असेल. त्यानंतर घराघरात पग आले. पण जाहिरातीत त्याचं घोरणं ऐकू येत नव्हतं. चपट्या नाकाच्या त्या जिवाला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणं हेच पूर्णवेळ काम असतं. सोलापूरकडचा माझा मित्र स्वाभिमानाने म्हणाला, आपला कारवानी घे! कुत्रा देखणाच. त्याच्या चुलत्याला, म्हणजे मुधोळ हाउंडला, २००५ साली टपाल तिकिटाचा मानही मिळाला. पण ही जात सशामागे धावायला घडलेली. काशीदचा किनारा तीनेक किलोमीटरचा. तो एका दमात टोक गाठणार आणि आम्ही दोघं गुडघ्याला पट्टे बांधून मागून "अरे थांब" म्हणत जाणार. त्या कुत्र्याचा आणि आमचा, कुणाचाच स्वाभिमान राहिला नसता.

रायगड जिल्ह्यात कुत्र्याविषयी बोलताना तसं जपूनच बोलावं. रायगड किल्ल्यावरच्या वाघ्याचं स्मारक १९३६ सालचं. २०१२च्या ऑगस्टमध्ये ते एकदा हलवलं गेलं आणि परत बसवलंही गेलं. तो वाघ्या इतिहासातून आला की गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकातून, हा तंटा अजून मिटलेला नाही. मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो, की कुत्रा आला कुठून हा प्रश्न आमच्या घरी निघण्याआधीपासून या जिल्ह्यात तापलेला आहे.

इकडे रस्त्याच्या कडेला पाट्या दिसतात: 'गावठी कोंबडी मिळेल'. गावठी म्हटल्यावर मुंबईकर ब्रॉयलरच्या दुप्पट पैसे हसत मोजतो. गावठी अंड्यांचंही तेच. गावठी हा शब्द फक्त कुत्र्यापुढे लागला की त्याची किंमत शून्य होते. वास्तविक या हवेला, या गोचिडांना आणि या खाण्याला जुळलेलं दुसरं कुत्रं नाही.

किनाऱ्यावर अशी पंधरा-वीस असतात. टपऱ्यांच्या जिवावर त्यांचं बरं चालतं: ऑम्लेटचा तुकडा, तळलेल्या बोंबलाचं डोकं, मुलांनी टाकलेली मॅगी. त्यांच्यात गेल्या वर्षी मला एक सोनेरी केसांचं, लांब कानांचं दिसलं. गळ्यात लाल पट्टा. ते येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे धावायचं, दार उघडलं की आत डोकवायचं आणि परत सुरूखाली येऊन बसायचं. चहावाला म्हणाला, "मे महिन्यात सोडून गेले. पावसाला बंगला बंद करतात ना." लाटांना उधाण आलं की टपऱ्याही बंद होतात. ऑम्लेट नाही, बोंबील नाही. मुंबईच्या कोटात १८३२ सालच्या जूनमध्ये सरकारने मोकाट कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर आली होती, हरताळ पाडला होता. आपल्याकडे जूनमध्ये कुत्र्यांचं काहीतरी वाईटच होतं, असं दिसतं. ते सोनेरी दिवाळीनंतर मला दिसलं नाही, आणि चहावाल्याला विचारायचं मी टाळलं.

शेवटी दूधवाल्याने सांगितलं, आमच्या मागच्या वाडीत एका मावशींच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. आम्ही संध्याकाळी गेलो. हिने नवी पैठणी नेसायची तेवढी बाकी ठेवली होती. बरोबर बिस्किटांचा पुडा आणि रेवदंड्याहून आणलेलं स्टीलचं नवं वाडगं, म्हणजे जणू साखरपुडाच.

आई तिथेच होती, गावी गेलेली नव्हती. चुलीमागच्या गोणपाटावर पाचही जणांना पाजत पडली होती. तांबूस अंग, उभे कान. आम्हाला बघून एकदा गुरगुरली आणि मावशींनी "गप" म्हटल्यावर गप झाली. मावशींनी वंशावळ तोंडपाठ सांगितली: हिची आई 'निसर्ग' वादळाच्या दिवशी, ३ जून २०२० ला, भिजून आत आली, सुरूची झाडं काडीसारखी मोडत होती, पत्रे उडत होते, तेव्हा ती याच चुलीमागे बसून राहिली आणि मग गेलीच नाही. ही तिची धाकटी. एवढं कुळ कुठल्या आठ हजारांच्या कागदात मिळतं? बापाचं विचारल्यावर मात्र मावशी म्हणाल्या, "ते नका विचारू." नसबंदीचं डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, पण डॉक्टरांची तारीख यायच्या आत कुत्रीने आपली तारीख काढली. पिल्लांचं दूध सुटलं की ती शस्त्रक्रिया आधी.

पिल्लं सहा आठवड्यांची होती. "अजून पंधरा दिवस देणार नाय," मावशी म्हणाल्या. त्यांनी २०१७चे नियम वाचले असण्याची शक्यता नाही. हिने तोवर एक तांबडं, पांढऱ्या पायांचं उचलून घेतलं होतं, पोट बघितलं, हिरड्या बघितल्या, शेपटीखालीही बघितलं. मला बरं वाटलं. पापलेटवाली बाई परत आली होती.

मग मावशींनी आमचा कल्ला उचलला.

घरात कोण कोण? जिना चढता येतो का? रात्री कुत्रा आत घेणार की पडवीत बांधणार? मागे फणसाडचं जंगल आहे, बिबट्या उतरतो. मासे खाता का, का नुसता डाळभात घालणार? आजारी पडला तर अलिबागला कोण नेणार, तुम्हाला गाडी चालवता येते का? मी एकेकाचं उत्तर देत होतो. शाळेनंतर इतका घाम मला कुणी फोडला नव्हता. पेट्रोल पंपवाल्याने मला फक्त एकच प्रश्न विचारला होता, रोख की ऑनलाइन.

आणि शेवटी मावशी म्हणाल्या, "पावसात तुमी कुठं असता?"

ही म्हणाली, ठाण्याला. तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीत कुत्र्यांना लिफ्टबंदी आहे, हे तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. नंतर मी तिला विचारलंही, की एवढं खरं बोलायची काय गरज होती.

मावशींनी तांबडं पिल्लू हिच्या मांडीवरून अलगद उचललं आणि आईजवळ ठेवलं. "एक पाऊस इथं काढून बघा," म्हणाल्या, "मग या." चहा मात्र दिला, गुळाचा.

चार पिल्लं गेली. दोन नांदगावला, एक दूधवाल्याकडे, एक शाळेच्या मागे. तांबडं मावशींनी घरीच ठेवलंय. स्टीलच्या वाडग्यात सध्या आमसुलं आहेत. यंदा ठाण्याच्या घराची किल्ली आम्ही शेजाऱ्यांकडे दिली आहे आणि २५ मेला कौलं चाळायला माणूस येणार आहे. त्या बाजूला जाणार असाल तर मावशींच्या कानावर एवढं घाला.