एकांताचे इनामदार

आपला खासगी व्यवहार चारचौघांपुढे मांडण्यात लोकांना आता संकोच उरलेला नाही, समाजाची रूढीच पालटली आहे, अशा आशयाचा निर्वाळा फेसबुकचे अधिपती मार्क झुकरबर्ग यांनी २०१० साली दिला, तेव्हा समाजशास्त्राला एक नवे आचार्य लाभले. याच आचार्यांनी २०१३ साली पालो आल्टो येथील आपल्या राहत्या वास्तूभोवतालची चार घरे तीन कोटींहून अधिक डॉलर मोजून खरेदी केली. त्यांच्या शेजाराचे भांडवल करून कोणी घर विकू पाहत असल्याची कुणकुण त्यांना लागली होती, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. आणि आपल्या निकटच्या संबंधांचा कोणी परस्पर बाजार मांडावा यातील अन्याय त्या धंद्यातील जाणकाराइतका दुसऱ्या कोणाला उमगणार? पुढे २०१६ साली त्यांच्या एका छायाचित्रात मेजावरील लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी डकवलेली दिसली, त्यासरशी जगभरच्या वार्ताहरांनी त्या बोटभर पट्टीवर रकानेच्या रकाने खर्ची घातले.

अशा सेवा वापरण्यापूर्वी मान्य करावयाच्या करारनाम्याच्या वाट्याला मात्र एवढे बारीक वाचन कधी आले नाही. पूर्वी निरक्षर कूळ सावकाराच्या खतावर अंगठा उठवीत असे. हल्ली पदवीधर मंडळी तोच अंगठा काचेवर टेकवून न वाचलेला दस्तऐवज बिनदिक्कत कबूल करतात. कुळाला निदान कर्जाऊ रक्कम तरी मिळत असे.

मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार संस्थेचे प्रकरण उजेडात आले आणि सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती परहस्ते गेली असावी, असा हिशेब पुढे खुद्द फेसबुकनेच दिला. आता क्षमायाचना करावयाची, तर अब्जावधी लोकांपर्यंत क्षणार्धात पोहोचणारे स्वतःचे व्यासपीठ हाताशी होते. परंतु ते अशा गंभीर कार्यास पुरेसे विश्वसनीय वाटले नाही की काय कोण जाणे, झुकरबर्ग यांनी इंग्लंड-अमेरिकेतील वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन दिलगिरी प्रकट केली. ज्यांचे जाहिरातींचे उत्पन्न फेसबुकसारख्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे ओढून नेले, त्यांच्याच दारी हा प्रायश्चित्ताचा विधी झाला, आणि प्रकरण चव्हाट्यावर आणणारे लंडनचे ‘ऑब्झर्व्हर’ही त्या दक्षिणेस मुकले नाही. एका पानावर आरोप आणि दुसऱ्या पानावर रोख दिलगिरी, असा दुहेरी लाभ करून देणाऱ्या आरोपीस कोणता व्यवस्थापक दीर्घायुष्य चिंतणार नाही?

या प्रकरणानंतरच्या चौकशीअंती जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुक कंपनीस पाच अब्ज डॉलरांचा दंड ठोठावला. रक्कम विक्रमी होती, म्हणजे कंपनीच्या सुमारे महिनाभराच्या मिळकतीइतकी. त्यांपैकी तीन अब्ज तर एप्रिलमध्येच बाजूस काढून ठेवलेले होते. दंडाची वार्ता प्रथम फुटली, त्या दिवशी कंपनीच्या समभागाचा भाव उतरण्याऐवजी चढला. शिक्षेची बातमी पहिल्या पानावर आणि भावाची बाजाराच्या पानावर, ही आमच्या व्यवसायाची जुनी वहिवाट असल्यामुळे दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणत्याच दफ्तराच्या अखत्यारीत येत नव्हते.