काळ्या टी-शर्टातला सोवळा

तालुक्याच्या प्रत्येक गावाला एक तरी मेटलवाला असतोच. खानापुरात दोन-तीन आहेत, आणि त्यातला एक पाहिला की बाकीचे पाहायची गरज उरत नाही. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर बँडचं नाव. अक्षरं अशी, की वाळलेल्या बोरीची फांदी तोडून छातीवर ठेवलीय असं वाटावं. मानेवर केस, हनुवटीला दाढी आणि चेहऱ्यावर सोसायटीच्या कॅशिअरचं गांभीर्य. कारण तो खरोखरच एका सोसायटीत कॅशिअर असतो. सोमवार ते शनिवार त्या काळ्या टी-शर्टावर चौकड्यांचा फुल शर्ट चढतो आणि आतून मऊ आवाज येतो, "मामा, हप्ता ह्या महिन्यात भरताय न्हवं?"

गाव त्याला बंडखोर समजतं. गावाला काय कळतंय? त्याच्याइतका कर्मठ माणूस मलप्रभेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही.

टी-शर्टाचंच घ्या. ज्या बँडला ऐकायला जायचं त्याच बँडचा टी-शर्ट घालून जायचं नाही, हा पहिला नियम. ज्याची तीन गाणी सांगता येत नाहीत त्याचा टी-शर्ट घालायचाच नाही, हा दुसरा. बेळगावात कुणा कॉलेजच्या पोरानं फॅशन म्हणून मेटॅलिकाचा टी-शर्ट घातलेला दिसला, तर हा त्याला भर चौकात थांबवून तोंडी परीक्षा घेतो. आणि रंग काळाच, बारमाही. त्यामुळे १ नोव्हेंबरला त्याची पंचाईत होते. त्या दिवशी सीमाभागात मराठी माणूस काळा दिन पाळतो आणि दुसरीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे फिरत असतात. वर्षातले बाकीचे दिवस ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्याला त्या दिवशी एक गट पाठीवर थाप मारून फेरीत ओढतो आणि दुसरा डोळे वटारतो. "अहो, हा पार्कवे ड्राइव्हचा आहे, ऑस्ट्रेलियाचा," असं तो दोन्ही बाजूंना दोन्ही भाषांत सांगतो. ऑस्ट्रेलियाचा या वादाशी काय संबंध, हे दोन्ही बाजूंना कळत नाही.

त्याचं दैवत मेटलकोर. हार्डकोर पंक आणि हेवी मेटल यांच्या संकरातून निघालेला हा प्रकार नव्वदच्या दशकात अमेरिकेत रुजला. पुढे किलस्विच एंगेजसारख्या बँडनी तो जगभर नेला. कडव्यात गायक घसा फाडून ओरडतो, ध्रुवपदात अचानक भावगीत गातोय असा गोड होतो, आणि मग येतो ब्रेकडाउन. लय झटकन निम्म्यावर येते, सैल सोडलेल्या तारांच्या गिटारी ड्रमच्या पायठोक्याशी जुळतात आणि एकेक घाव मोजून पडतो. जुन्या वळणाचे मेटलवाले "हे मेटलच नव्हे" म्हणून नाक मुरडतात. अशा वेळी हा कुमार गंधर्वांना साक्षीला काढतो. ते १९२४ साली आमच्याच जिल्ह्यात, सुळेभावीला जन्मले. त्यांनी घराण्याची चौकट ओलांडली तेव्हा त्यांनाही लोक बोललेच की! असा हा उदारमतवादी. मात्र मेटलकोरात कुणी इलेक्ट्रॉनिक बीट मिसळला, की "हे मेटलकोरच नव्हे" म्हणून स्वतः नाक मुरडायला मोकळा.

त्याचा इतिहास तोंडपाठ असतो आणि भूगोल एवढाच, की बंगलोर कुठं आहे. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन पॅलेस ग्राउंडवर वाजली, तेव्हा हा प्राथमिक शाळेत पाढे म्हणत होता. पण सांगतो असा, की पहिल्या रांगेत याचाच घाम गळाला. ३० ऑक्टोबर २०११ ला तिथंच मेटॅलिका आली. त्याच्या दोनच दिवस आधी गुडगावला गर्दीनं कठडे मोडले, स्टेजवर धुडगूस घातला आणि कार्यक्रमच बारगळला. "शिस्त नाही गा त्या लोकांना," असं तो जुन्या हेडमास्तरांच्या दुःखानं म्हणतो. मुंबईच्या स्क्राइब बँडबद्दल मात्र त्याच्या मनात माया आहे. ज्यांनी 'आय लव्ह यू पावभाजी' नावाचं गाणं केलं आणि 'अंदाज अपना अपना'तल्या तेजाच्या नावानं २०१० साली अख्खा अल्बम काढला, ती आपलीच माणसं, असा त्याचा हिशेब.

कार्यक्रमाला निघायची तयारी आठवडाभर चालते. आई चपात्या आणि शेंगाचटणी बांधून देते. एकदा तिला त्याच्या पिशवीत कानात घालायचे स्पंजचे बोळे सापडले.

"हे काय रे?"

"आवाज लई असतोय, आई. कान जातात."

"म्हणजे एवढे पैसे भरून ऐकायला जायलास, आणि कानात बोळे घालून बसणार? घरात बस की मग, फुकटात ऐकू येणार नाही!"

या युक्तिवादाला मेटलच्या इतिहासात उत्तर नाही.

बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायची. १८२४ साली इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणीच्या नावाच्या गाडीत आमचा बंडखोर चटणी-चपाती खाऊन, डब्याचं झाकण पुसून, नऊला झोपतो. सकाळी बंगलोर. गाणं संध्याकाळी, पण हा दुपारीच फाटकाशी हजर. जाहिरातीवर चार बँड असले तर चारही ऐकायचे, हा तिसरा नियम. पहिला बँड बहुधा स्थानिक पोरांचा. समोर वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी त्यांची भावकी. हा तिथंही मान हलवून दाद देतो. "आज ह्यांना ऐकलं न्हाई तर उद्या मोठे कसे होणार?" पाहुणे बँड उशिरा येतात. मधल्या वेळात ड्रम सरकतात, तारा जुळतात, कुणीतरी माइकवर "चेक, चेक" करत राहतो. लोक बिअरच्या रांगेत जातात. हा जागेवरून हलत नाही.

शेवटचा बँड उभा राहिला की गायक हातानं गर्दी दुभंगतो: निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे, मधे मोकळी वाट. याला वॉल ऑफ डेथ म्हणतात. ब्रेकडाउन पडताच दोन्ही भिंती एकमेकींवर धावून जाणार. या अवघ्या अर्ध्या मिनिटात आमचा माणूस चष्मा काढतो, पुसतो, डबीत घालतो, डबी चेनच्या खिशात ठेवतो, बुटाची नाडी दुहेरी गाठ मारून बांधतो, आणि मग धावतो. धडाधड माणसं आदळतात. कुणी पडला की आजूबाजूचे चौघं थांबून त्याला काखेत हात घालून उभा करतात. हा मोशपिटचा, म्हणजे या आदळाआपटीच्या रिंगणाचा, सर्वांत मोठा नियम. तेवढ्यात गर्दीतून एक बूट वर येतो आणि हातोहात फिरतो: "कुणाचा आहे? कुणाचा?" धारवाडचा पोरगा खानापूरच्या पोराला उचलतो, कन्नडात "पेट्टायता?" विचारतो, हा मराठीत "काय न्हाई गा" म्हणतो, आणि दोघं पुन्हा आदळायला जातात. गायक काय ओरडतोय ते दोघांनाही कळलेलं नसतं, त्यामुळे भाषेचा प्रश्न उद्भवत नाही.

परत आल्यावर दोन दिवस मान वळत नाही आणि बोलताना घसा बसलेला. तरी आजीसमोर तो तर्जनी आणि करंगळी वर काढून शिंगं दाखवतो.

"कुणाला दृष्ट लावायलास?"

"लावत न्हाई आज्जी, काढायलोय." रॉनी जेम्स डिओ हा गायक ही खूण आपल्या इटालियन आजीकडून शिकला आणि ती तिकडं वाईट नजरेवर उतारा म्हणून करतात, हे तो तिला समजावतो. आजी विचार करते. "मग बरं. मीठ-मोहऱ्या तरी वाचल्या."

गुरगुरण्याचा रियाज मात्र घरात चालत नाही. तो गावाबाहेर शेतात जाऊन करतो. भीमगडचं जंगल याच तालुक्यात, अस्वलांचीही ददात नाही. एका संध्याकाळी शेजारच्या बांधावरचा गडी खुरपं टाकून पळाला आणि गावभर सांगत सुटला, "अस्वल आलंय, आणि कळवळून रडायलंय!" मेटलवाल्याच्या मते ही त्याला मिळालेली आजवरची सर्वांत मोठी दाद.

उपवर मुलींच्या वडिलांनी केस आणि टी-शर्ट पाहून या स्थळाला नकार देऊ नये. पोरगा वेळेच्या आधी हजर राहतो, रांग मोडत नाही, पडलेल्याला उचलतो आणि दुसऱ्याचा बूट परत करतो. फक्त वरातीला डीजे लावू नका; त्याला गोंगाट अजिबात सहन होत नाही.